जुनी इटालियन सायकल : आधी माप, मग पाना

प्रतिनिधी, नंदुरबार

पावसाळा ओसरला की सातपुड्यातील घाटरस्ते सायकलस्वारांना खुणावू लागतात. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळला जाणारा वळणावळणांचा रस्ता असो किंवा तळोद्याहून धडगावकडे नेणारा चांदसैली घाट असो, तापीच्या सपाट खोऱ्यातून निघालेल्या स्वाराला येथे खरी चढण भेटते. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात गिअरच्या सायकलींची आवड वाढली, तसे जुन्या शर्यती सायकलींविषयीचे कुतूहलही वाढले. त्यांत पोलादी सांगाड्याच्या इटालियन सायकलींचा मान मोठा.

अशी सायकल घरात येते ती बहुधा परदेशातून परतलेल्या आप्तांकडून, एखाद्या जुन्या शर्यतपटूकडून किंवा मोठ्या शहरातील संग्राहकाकडून. चाकात हवा नाही, साखळी गंजलेली, कडक झालेली ब्रेकची रबरे आणि नळीवर पुसट झालेले एक इटालियन नाव, अशा अवस्थेतील ती सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की पावले आपोआप कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळतात. नेमका येथेच धोका असतो. चाळीस-पन्नास वर्षे गंज सोसून टिकलेला सांगाडा चुकीच्या दिशेने फिरवलेल्या एका पान्याने कायमचा निकामी होऊ शकतो. त्यामुळे या सायकलीच्या बाबतीत सुधारणेपूर्वी ओळख, हा क्रम पाळणे अत्यावश्यक ठरते.

आपल्याकडील इंग्रजी वळण

दोष कारागिराच्या कौशल्यात नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. भारतातील सायकल उद्योग इंग्रजी नमुन्यावर उभा राहिला. मुंबईत १९३९ मध्ये हिंद सायकल्स ही कंपनी निघाली. मद्रासमध्ये १९४९ साली ब्रिटिश भागीदारीतून टीआय सायकल्स सुरू झाली. आसनसोलला सेन-रॅले कंपनीने रॅले सायकली बनवल्या. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ मधील, तर लुधियानाची हीरो १९५६ मधील. या साऱ्यांनी ज्या काळ्या, उंच, दणकट सायकली गावोगाव पोहोचवल्या, त्यांची मापे इंचांत आणि आटे इंग्रजी पद्धतीचे होते. दूधवाल्याची, पोस्टमनची, शाळेच्या मास्तरांची सायकल हीच. खानदेशातील कारागिरांचे हात पिढ्यानुपिढ्या याच सायकलींवर तयार झाले.

युरोपात मात्र प्रत्येक देशाने आपापले माप रूढ केले होते. इंग्लंडचे आटे वेगळे, फ्रान्सचे वेगळे, स्वित्झर्लंडचे वेगळे आणि इटलीचे तर आणखीच वेगळे. वरवर पाहता दोन भाग जुळे भाऊ वाटतात. कॅलिपर लावला की मिलिमीटरभराचा फरक दिसतो आणि तेवढाच फरक सगळे बिघडवायला पुरेसा असतो.

नाव नव्हे, खुणा पाहाव्यात

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो. जुन्या सायकलीचेही तसेच आहे. नळीवरील नाव हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा होय. नावांच्या चिकटपट्ट्या नव्याने छापून मिळतात आणि साध्या सांगाड्याला रंग देऊन मोठे नाव चिकटवणे मुळीच अवघड नसते.

तरीही नावे ठाऊक असावीत. एदोआर्दो बियांकी यांनी १८८५ मध्ये मिलानमध्ये सुरू केलेली बियांकी ही त्यांतील सर्वांत जुनी. तिचा फिकट निळसर-हिरवा रंग जगप्रसिद्ध आहे. मिलानजवळच्या कांबियागो गावातील एर्नेस्तो कोलनागो यांच्या सायकलींवर किलवरच्या एक्क्याचे चिन्ह असते, तर दे रोझाच्या सायकलींवर हृदयाचे. चिनेल्ली, मासी, पिनारेल्लो, लेन्यानो ही आणखी काही परिचित नावे. मात्र इटालियन नावाच्या सगळ्याच सायकलींचे आटे इटालियन असतात, असे नाही. निर्यातीसाठी बनवलेल्या काही सांगाड्यांना इंग्रजी आटे दिले गेले. पुढच्या काळात इटालियन नावाच्या अनेक सायकली आशियातील कारखान्यांतही तयार होऊ लागल्या. नावावरून अंदाज बांधावा. खात्री मात्र मापावरूनच करावी.

सांगाड्याची पहिली खूण म्हणजे नळ्या. उत्तम इटालियन सायकलींत बहुधा मिलानच्या कोलंबस कंपनीच्या नळ्या वापरल्या जात. कबुतराचे चित्र हे तिचे चिन्ह. ‘एसएल’ ही नळी हलकी, तर ‘एसपी’ थोडी जाड व दणकट. या नळ्यांची भिंत सांध्यापाशी जाड आणि मध्यभागी पातळ असते. त्यामुळे वजन घटूनही मजबुती कायम राहते. पुढचा चिमटा खोलून त्याच्या उभ्या नळीत खालून डोकावले, तर एसएल आणि एसपी प्रकारात आतल्या बाजूला पिळाच्या पाच उंच रेषा दिसतात. वरच्या चिकटपट्टीची नक्कल होते. नळीच्या आतला पीळ सहसा कोणी खोटा करत नाही.

दुसरी खूण मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो, त्या पोलादी पट्टीवर असते. तिच्यावर ‘कॅम्पॅन्योलो’ असे ठसठशीत कोरलेले असेल, तर सांगाडा वरच्या दर्जाचा असण्याची शक्यता वाढते. उजव्या पट्टीलाच गिअरचा डिरेलर अडकवण्याचा कान असेल, तर सायकल मुळातच गिअरसाठी घडवलेली आहे, हेही कळते.

सालाची साक्ष देणारे भाग

कॅम्पॅन्योलो या नावाशिवाय इटालियन सायकलीची गोष्ट पूर्ण होत नाही. तुल्लिओ कॅम्पॅन्योलो हे स्वतः शर्यतपटू होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये क्रोचे द’आउने या बर्फाळ घाटात गोठलेल्या बोटांनी चाकाच्या नटा सुटेनात आणि त्यातूनच एका दांडीच्या झटक्यात चाक सुटावे ही कल्पना सुचली, अशी कथा कंपनी सांगत आली आहे. १९३३ मध्ये विचेन्झा शहरात त्यांनी कारखाना सुरू केला. १९६७ मध्ये आलेला ‘नुओव्हो रेकॉर्ड’ हा मागचा डिरेलर आणि १९७० च्या दशकात आलेला ‘सुपर रेकॉर्ड’ संच ही शर्यतीच्या जगातील दीर्घकाळची मानके ठरली.

या कंपनीच्या भागांवर बहुतेक वेळा सालाची खूण सापडते. १९७० पासूनच्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरच्या वरच्या भागावर ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडे कोरलेले असतात. ७४ म्हणजे १९७४. क्रँकच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत एकच आकडा असतो. चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची असेल तर साल १९७० च्या दशकातील आणि गोल असेल तर १९८० च्या दशकातील. जुन्या हबच्या एक्सलवरील लॉकनटवरही सालाचे आकडे असतात. या तीन जागांची साले एकमेकांशी जुळली, तर भाग मूळ संचाचे असण्याची शक्यता मोठी. एखादे साल पाच-दहा वर्षांनी पुढे असेल, तर तो भाग कधीतरी बदललेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याने सायकल खोटी ठरत नाही. तिची किंमत ठरवताना मात्र ते विचारात घ्यावे लागते.

दोन कटोऱ्यांतला फरक

आता सर्वांत नाजूक जागेकडे वळू. दोन्ही क्रँक ज्या आडव्या एक्सलवर बसतात, त्या जागेला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. कारागिरांच्या बोलीत ‘बीबी’. सांगाड्याच्या तळाशी असलेल्या आडव्या नळकांड्यात डावी-उजवीकडून एकेक कटोरी आट्यांवर फिरवून बसवलेली असते आणि कटोरीत छर्रे असतात.

इंग्रजी पद्धतीत या नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटर आणि आट्यांचा व्यास सुमारे ३४.८ मिलिमीटर असतो. इटालियन पद्धतीत रुंदी ७० आणि व्यास ३६ मिलिमीटर. दोन्हींत इंचाला आटे मात्र २४ च. खरा घोळ दिशेचा आहे. इंग्रजी सायकलीत उजव्या, म्हणजे साखळीच्या बाजूच्या कटोरीचे आटे उलटे असतात. सायकलच्या उजव्या बाजूला उभे राहून पाहिले, तर ती कटोरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली असता सुटते. इटालियन सायकलीत दोन्ही बाजूंचे आटे सुलटेच असतात. उजवी कटोरी घड्याळाच्या उलट दिशेने सुटते.

आपल्याकडील कारागीर सवयीप्रमाणे पाना इंग्रजी दिशेने फिरवतो. कटोरी हलत नाही. मग पान्याला लांब पाइप लावला जातो, हातोडी येते. सुटण्याऐवजी कटोरी अधिकाधिक आवळत जाते आणि अखेरीस आटे चिरडतात. इंग्रजी आटे बिघडले तर ते नळकांडे मोठ्या, इटालियन मापात पुन्हा कापून सायकल वाचवता येते. इटालियन आटे बिघडल्यास त्यापुढचे माप प्रचलित नाही. मग आतून फुगून बसणारे बिनआट्यांचे बॉटम ब्रॅकेट बसवणे किंवा नळकांड्यात नवी नळी जोडून घेणे, असे खर्चिक मार्ग उरतात.

म्हणून पाना लावण्यापूर्वी कॅलिपरने नळकांड्याची रुंदी मोजावी. ७० मिलिमीटर भरली तर इटालियन आटे गृहीत धरावेत. कटोरीच्या कडेवर ‘३६ × २४’ असे कोरलेले असल्यास शंकाच उरत नाही. कॅम्पॅन्योलोच्या एक्सलवरही ७० किंवा ६८ हा आकडा असतो. उजवी कटोरी घट्ट असल्यास पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर थांबावे. कटोरीच्या भोकातून जाड बोल्ट घालून, दोन्हीकडून वॉशर व नट लावून पाना कटोरीवर पक्का धरला, तर तो निसटून कडा झिजत नाहीत.

आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. पॅडल मारताना उजव्या कटोरीवर तिला हळूहळू सोडवणारा जोर येत राहतो. इंग्रजी पद्धतीतील उलटे आटे याच कारणासाठी आहेत. इटालियन पद्धतीत ही सोय नसल्याने उजवी कटोरी पूर्ण ताकदीने आवळावी लागते आणि वर्षातून एकदा तपासावी लागते. इंग्रजी मापाची कटोरी टेप किंवा पत्रा गुंडाळून इटालियन नळकांड्यात बसवण्याचा ‘जुगाड’ कधीही करू नये. ती काही दिवस चालते आणि जाताना आटे घेऊन जाते.

क्रँक आणि फ्रीव्हील

काळ्या सायकलीचा क्रँक कॉटर पिनेने बसवलेला असतो आणि तो काढायला हातोडी लागते. इटालियन शर्यती सायकलीचा अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक चौकोनी एक्सलवर दाबून बसवलेला असतो. मधला बोल्ट काढल्यावर तेथे २२ मिलिमीटरच्या आट्यांचा ओढपाना लावावा लागतो. आटे पूर्ण बसल्याची खात्री न करता ओढ दिली, तर मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे उखडून येतात.

फ्रीव्हीलचेही तसेच. रेजिनासारख्या इटालियन फ्रीव्हीलला काढण्यासाठी खाचांमध्ये बसणारा खास पाना लागतो. छिन्नी-हातोडी चालवल्यास खाचा तुटतात आणि मग फ्रीव्हील नष्ट केल्याशिवाय ते निघत नाही. इटालियन हबवर आट्यांचे माप ‘३५ × २४’ असे, तर इंग्रजीवर ‘१.३७० × २४’ असे कोरलेले असते. ही दोन मापे इतकी जवळ आहेत की एकाचे फ्रीव्हील दुसऱ्यावर चढते. पण वारंवार अदलाबदल केल्यास आटे सैल होतात.

मिलिमीटरच्या अंशाचा खेळ

पुढचे हँडल ज्या स्टेममध्ये आवळले जाते, तेथे इंग्रजी माप २५.४ मिलिमीटर आहे. इटालियन हँडल साधारणतः २५.८ किंवा २६ मिलिमीटरची असतात. चिनेल्लीची जुनी हँडल २६.४ मिलिमीटरची. लहान मापाचे हँडल मोठ्या स्टेममध्ये बसवून बोल्ट कितीही आवळला, तरी उतारावर ब्रेक दाबताच ते फिरू शकते. उलट मोठे हँडल लहान स्टेममध्ये ठोकल्यास स्टेमला तडा जातो. सीट पिलरचेही माप असेच काटेकोर. कोलंबस एसएल नळीत बहुधा २७.२ मिलिमीटरचा पिलर बसतो. जुन्या पिलरवर कोरलेला आकडा पाहून तोच घ्यावा.

टायरच्या बाबतीत फसगत हमखास होते. काळ्या सायकलीचा २८ × १½ इंची टायर ज्या रिमवर बसतो, तिचा बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर आहे. शर्यती सायकलीची रिम ७००-सी प्रकारची, म्हणजे ६२२ मिलिमीटरची. दिसायला चाके सारखी. टायर मात्र अदलून चालत नाहीत. जुन्या इटालियन सायकलींवर बऱ्याचदा ट्युब्युलर टायर असतात. त्यांत ट्यूब टायरच्या आतच शिवलेली असते आणि टायर रिमवर डिंकाने चिकटवलेला असतो. हा डिंक वर्षांनुवर्षांनी सुकतो आणि वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. रोजच्या वापरासाठी ७००-सी मापाच्या साध्या रिमची चाके बनवून घेणे सोयीचे. दोन्ही रिमची ब्रेक लागण्याची उंची जवळपास सारखीच असल्याने मूळ ब्रेक तसेच चालतात. आता ७००-सी टायर भारतात सहज मिळतात.

छर्ऱ्यांचीही नोंद ठेवावी. कॅम्पॅन्योलो रेकॉर्डच्या मागच्या हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये पाव इंची छर्रे असतात. पुढच्या हबमध्ये मात्र ७/३२ इंची. दुकानात हाताशी असलेले थोडे लहान छर्रे टाकले, तर चाक फिरते खरे. पण कोन आणि कटोरी दोन्ही लवकर खराब होतात.

घाटासाठी गिअर

ओळख पटली की सुधारणेचा विचार. या सायकली सपाट रस्त्यावर वेगाने धावण्यासाठी, तरुण आणि तयारीच्या शर्यतपटूंसाठी बनवल्या गेल्या. त्यांचा सर्वांत हलका गिअरही आजच्या हौशी स्वाराला घाटात जड जातो.

हिशेब सोपा आहे. पुढची चकती ४२ दातांची आणि मागची २१ दातांची असेल, तर पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या दोन फेऱ्या होतात. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास सायकल ४.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, तर वेग ताशी १५ किलोमीटर होतो. तीव्र चढावर हा वेग टिकवणे सामान्य माणसाला जमत नाही. फेऱ्या मंदावतात आणि सारा भार गुडघ्यांवर येतो. मागे २६ दातांची चकती लावली, तर हेच अंतर ३.४ मीटरवर येते. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील, तर ते सुमारे अडीच मीटर होते. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ९ किलोमीटरच्या वेगाने, पहिल्या गिअरच्या तुलनेत सुमारे साठ टक्के जोर लावून घाट चढता येतो.

यासाठी तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी मागच्या फ्रीव्हीलची. नुओव्हो रेकॉर्ड डिरेलर साधारणतः २६ दातांपर्यंत नीट काम करतो. तेवढे फ्रीव्हील मिळाले, तर बाकी काहीही बदलावे लागत नाही. दुसरी पायरी डिरेलर बदलण्याची. लांब पिंजऱ्याचा डिरेलर २८ किंवा त्याहून अधिक दात पेलतो. येथे जुन्या सायकलीचा एक गुण कामी येतो. तिच्या खालच्या नळीवरील गिअरच्या दांड्यांना ठरावीक टप्पे नसतात. स्वार स्वतः अंदाजाने दांडी हलवतो. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भागही एकमेकांबरोबर चालतात. आधुनिक डिरेलरचा बोल्टही कॅम्पॅन्योलोच्या जुन्या कानात सहसा बसतो, कारण दोन्हींच्या आट्यांतील अंतर जवळपास सारखे आहे.

तिसरी पायरी पुढच्या क्रँकची. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या रेकॉर्ड क्रँकवर चकतीचे बोल्ट १४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. त्यामुळे ४१-४२ दातांहून लहान चकती तिच्यावर बसूच शकत नाही. ३४ दातांसाठी ११० मिलिमीटर वर्तुळाचा दुसरा क्रँक घ्यावा लागतो. सोबत इटालियन आट्यांचे सीलबंद बॉटम ब्रॅकेट घ्यावे. ते आजही बनते. मात्र चौकोनी एक्सलच्या टोकाचे युरोपीय आणि जपानी असे दोन प्रकार आहेत. जपानी क्रँकला जपानी एक्सलच लागतो, अन्यथा साखळीची रेषा सरकते.

मागे आठ किंवा अधिक चकत्यांचे आधुनिक चाक बसवण्याचा मोह होतो. पाच गिअरच्या जुन्या सांगाड्यात मागच्या खाचांमधील अंतर १२० मिलिमीटर, सहा-सात गिअरच्या सांगाड्यात १२६ मिलिमीटर आणि आधुनिक चाकासाठी १३० मिलिमीटर असते. पोलाद लवचीक असल्याने १२६ चे १३० करता येते. पण ते काम दोन्ही बाजू समान मोजून, सांगाड्याची सरळता तपासून करावे लागते. १२० चे १३० करणे टाळावे. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या सांगाड्यावर तर हा प्रयोग करूच नये.

चढण्याआधी उतरण्याचा विचार

घाट चढताना सायकल बिघडली तर पायी चालावे लागते. उतरताना बिघडली तर जिवावर बेतते. त्यामुळे पैसे मर्यादित असतील, तर पहिला खर्च गिअरवर न करता ब्रेक, केबल आणि टायरवर करावा. ब्रेकची जुनी रबरे दगडासारखी कडक होतात; नवी रबरे आणि नव्या केबल टाकल्यास जुना इटालियन ब्रेकही चांगली पकड देतो. रिम क्रोम केलेल्या पोलादाची असल्यास ओल्या रस्त्यावर ब्रेक फार उशिरा लागतो. तेथे अ‍ॅल्युमिनियमची रिम हाच उपाय.

अ‍ॅल्युमिनियमचे भाग पोलादासारखे वाकून इशारा देत नाहीत. ते एकदम तुटतात. रेकॉर्ड क्रँकमध्ये उजवी दांडी जेथे चकतीच्या पायांना मिळते, त्या बेचक्यात बारीक तडे जाण्याची शक्यता असते, ही गोष्ट संग्राहकांत सर्वज्ञात आहे. क्रँक स्वच्छ पुसून, भिंगाखाली उजेडात पाहावा. हँडलवरील जुनी टेप सोडून घामाने खाल्लेली जागा आहे का, ते तपासावे. स्टेम नळीत किती खोल असावे याची रेषा त्यावर कोरलेली असते; ती रेषा बाहेर दिसता कामा नये. चिमट्याच्या मुळाशी रंगाला आडवी भेग किंवा सुरकुती दिसली, तर ती सायकल कधीतरी समोरून आदळली आहे, असे समजावे आणि तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय रस्त्यावर आणू नये.

काय बदलावे, काय जपावे

टायर, केबल, रबरे, साखळी, छर्रे हे झिजण्यासाठीच असतात. ते निःसंकोच बदलावेत. डिरेलर, क्रँक, हँडल बदलले, तरी मूळ भाग पुसून, तेलाचा हात देऊन, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावेत. आज निरुपयोगी वाटणारा डिरेलर उद्या सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा ठरू शकतो. सांगाड्याला नवे भोक पाडणे, कान कापणे, सरसकट पॉलिश करणे, मूळ रंग खरवडून नवा देणे या गोष्टी मात्र परत फिरवता येत नाहीत. थोडा उडालेला मूळ रंग हा नव्या चकचकीत रंगापेक्षा संग्राहकाला अधिक मोलाचा वाटतो.

या मूळपणाला जगभर मान आहे. इटलीतील टस्कनी भागातील गायोले येथे १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची मोहीम भरते. तेथे १९८७ पूर्वीच्या, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर असलेल्या सायकली घेऊन हजारो स्वार कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून जातात. आपल्याकडेही जुन्या सायकलींना जपणारे लोक आहेत. पुण्यातील कर्वेनगरमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात देशी-विदेशी जुन्या सायकली आणि त्यांचे सुटे भाग पाहायला मिळतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने तर बोरघाट चढणाऱ्या वीरांना ‘घाटाचा राजा’ हा किताब देत या खेळाचे नाव घराघरात नेले.

नंदुरबार किंवा शहाद्यासारख्या ठिकाणी इटालियन सायकलीचा तज्ज्ञ मिळणे कठीण असले, तरी काम अडत नाही. लेथच्या कार्यशाळेत व्हर्निअर कॅलिपर असतो आणि आट्यांचा गेज कसा लावायचा, हे आयटीआयमध्ये शिकलेल्या तरुणाला सांगावे लागत नाही. मालकाने एक वही करावी. बॉटम ब्रॅकेटची रुंदी, मागच्या खाचांमधील अंतर, हँडल आणि पिलरचा व्यास, हबवर कोरलेले आकडे आणि डिरेलरवरील साल एवढ्या नोंदी त्यात लिहाव्यात. प्रत्येक भागाचे खोलण्यापूर्वीचे छायाचित्रही काढून ठेवावे. ही वही कारागिराच्या हाती दिली, तर त्याचा अनुभव आणि सायकलीची मापे एका जागी येतात. उजव्या बाजूची कटोरी कोणत्या दिशेने सुटते, एवढे एक वाक्य मात्र त्या वहीच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.